शेतवस्तीवर बंदूक नको, वकिलाचा नंबर हवा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळात कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतली कुटुंबं आहेत. गावाकडे चोरी झाली की इथे फोन सुरू होतात : शेतवस्तीवर आईबाबा एकटे, त्यांना बंदुकीचं लायसन काढून द्यायचं का? इथे पॉइंट टू-टू रायफल बाळगणारे तीच सुचवतात; हलकी आहे, खांद्याला झटका बसत नाही. शिवाय इथे मिळतो तसा स्वसंरक्षणाचा कायदेशीर विमा तिकडेही उतरवता येईल का, असं विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : दोन्ही नको.

भीती खोटी नाही. 1948 च्या मे महिन्यात निजामाच्या रझाकारांनी गोरटा गावात जे हत्याकांड केलं, ते बसवकल्याण तालुक्यात अजून घराघरांत सांगितलं जातं. हाताशी हत्यार असावं, ही ओढ तिथून आली आहे आणि मी तिचा अनादर करणार नाही.

पण कायदा काय म्हणतो? 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक देतं, स्वसंरक्षणासाठी गुळगुळीत नळीची. पॉइंट टू-टू तिथे मिळते ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला, निशाणेबाजीच्या सरावासाठी. बाकी कुणालाही ती हवी असेल, तर सबळ कारण अधिकाऱ्याला पटवावं लागतं. याच कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना 2029 पर्यंत लायसनमधून सूट आहे. आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याला नाही.

आणि गोळी सुटल्यावर? भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 बचावाचा हक्क देतात, पण गरजेपुरताच. रात्री घर फोडणाऱ्यावर तो हक्क मोठा आहे. शेतातली तूर नेणाऱ्या चोरावर जीवघेणी गोळी चालवण्याचा हक्क मात्र नाही, जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असल्याखेरीज. ती भीती होती, हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा बचावाच्या हक्कावरचा खटला पाहा. घटना 1991 ची. सत्र न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निर्दोष सोडलं. सत्तरीतल्या बाबांनी इतकी वर्षं कुठून आणायची?

विम्याचं म्हणाल, तर खुद्द अमेरिकेतच तो वादात सापडला. नॅशनल रायफल असोसिएशनची 'कॅरी गार्ड' योजना न्यूयॉर्कच्या नियामकांनी 2018 मध्ये बेकायदा ठरवली. जाणूनबुजून केलेल्या कृत्याचा आणि फौजदारी बचावाच्या खर्चाचा विमा तिथे चालत नाही. इथल्या राज्यांच्या कायद्यांवर बेतलेली पॉलिसी भालकीच्या कोर्टात काय कामाची?

तिथे खरी अडचण भाषेची आहे. पोलिसांचे कागद कन्नडमध्ये, आणि मराठी शाळेत शिकलेले आपले वडील न वाचता सही करून मोकळे होतात. पहिल्या जबाबाच्या वेळीच दोन्ही भाषा जाणणारा वकील शेजारी हवा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अटकेतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. तालुका पातळीवर समित्या आहेत. ही गोष्ट किती घरांना माहीत आहे?

म्हणून बंदुकीच्या पैशांत अंगणात दिवे लावा, दाराला आतून भक्कम अडणा बसवा, 112 हा आकडा आईच्या फोनवर सगळ्यांत वर ठेवा. मंडळाने चारही तालुक्यांतल्या मराठी-कन्नड जाणणाऱ्या वकिलांची यादी दिवाळीपर्यंत करावी आणि ती गावाकडच्या प्रत्येक घरी मराठीत छापून पाठवावी. यादीचं काम मी माझ्याकडे घेतो.