जेट फुंकू नका, टाकी धुवा

विंटेज गाड्या सांभाळणाऱ्यांना आणि आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. पेट्रोलमध्ये कचरा आला की मिस्त्री कार्बोरेटरचं जेट काढतो, फुंकर मारतो, परत बसवतो. गाडी सुरू होते आणि चार किलोमीटरवर पुन्हा झटके मारून बंद पडते. जेट शंभरदा फुंकलं तरी कचरा टाकीतच राहणार. तो तिथून काढा.

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून जास्त बनलेल्या या गाडीत पेट्रोलचा पंपच नाही. बहुतेक मॉडेल्समध्ये टाकी पुढच्या सीटखाली असते आणि पेट्रोल उताराने आपसूक कार्बोरेटरमध्ये येतं. उतार इतका थोडा की टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ लागला, तर लोक गाडी रिव्हर्समध्ये चढवत. एवढ्याशा जोराच्या प्रवाहाला चिमूटभर गंजही अडवतो. बनवणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी टाकीच्या तळाशी गाळ साठायला एक वाटी दिली आणि तिला खाली कॉक बसवला.

तो कॉक उघडा. इंजिन गार असताना, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, खाली काचेची बरणी धरून थोडं पेट्रोल काढा आणि बरणी उजेडात धरा. तळाला तांबूस भुकटी दिसली तर टाकी आतून गंजली आहे. पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर झाकणातून पावसाचं पाणी किंवा दमट हवा शिरते आहे. धार बारीक येत असेल तर कॉकच्या वरची वाट गाळाने तुंबली आहे. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी हे बघा.

आणखी एक गोष्ट फार फसवते. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल येईनासं होतं आणि लक्षणं हुबेहूब कचऱ्यासारखी दिसतात. गाडी बंद पडल्यावर झाकण सैल केलं आणि ती चालू झाली, तर दोष त्या भोकात आहे.

पेट्रोल भरताना बारीक पितळी जाळीचं फनेल वापराच. पूर्वी पेट्रोल डब्यांतून यायचं, तेव्हा जाणकार ड्रायव्हर फनेलवर शॅमॉय चामडं ताणत. पेट्रोल पार होई, पाणी वर राही. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर मात्र त्या चामड्याच्या भरवशावर राहू नका, कारण इथेनॉल पाणी स्वतःत सामावून घेतं. धातूचं फनेल टाकीच्या तोंडाला टेकवूनच ओता. नाहीतर स्थिर विजेची ठिणगी तिथे पडू शकते.

हे इथेनॉल जुन्या गाडीला दुसऱ्या बाजूनेही गाठतं. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला राळेसारखा थर ते सोडवतं आणि तो थेट जेटकडे धाडतं. त्या काळच्या बऱ्याच कार्बोरेटरांत बुचाचा फ्लोट असतो आणि त्यावर लाखेचा थर असतो. पॉलिश करणारा सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. इथेनॉलही तेच करतं. मग बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होतो आणि कार्बोरेटर ओसंडू लागतो. जुना फ्लोट बदला किंवा त्याला इथेनॉल सोसणारा लेप द्या.

आधुनिक कागदी फिल्टर लावायचा मोह मात्र टाळा. ते पंपाच्या दाबासाठी बनवलेले असतात. नुसत्या उतारावर चालणाऱ्या गाडीत प्रवाह तोकडा पडू शकतो. फनेलची जाळी पुरे.

टाकी धुवायची तर गाडीतून उतरवून उघड्यावर धुवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. सिगारेट, वेल्डिंग, दिवा काहीही जवळ नको. जेटच्या भोकात तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पेट्रोल तोंडाने ओढू नका.

पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं. शेवटच्या फेरीनंतर कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहील.