माणशी अर्धा एकर

15 मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंबदिन. संयुक्त राष्ट्रसंघाने 1993 मध्ये हा दिवस मुक्रर केला. आपल्याकडे तो सहसा शुभेच्छा आणि छायाचित्रांत उरकला जातो. पण महाराष्ट्रात तो येतो ऐन उन्हाळ्यात. विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि टँकरच्या खेपांवरून तहसील कचेरीत वाद चाललेले असतात. अशा दिवशी विलासराव साळुंखे यांची आठवण काढणे अधिक उचित. घरात माणसे किती, हा प्रश्न या अभियंत्याने थेट सिंचनाच्या हिशेबात आणला आणि त्यावर पाणीवाटपाची एक पद्धत उभी करून दाखवली.

साळुंखे (1937–2002) पेशाने अभियंते आणि पुण्यातले कारखानदार. अचूक मोजमापाची साधने बनवणे हा त्यांचा व्यवसाय. 1972 च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात फिरले, तेव्हा दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडताना त्यांनी पाहिली. हाताला काम मिळत होते, चूलही पेटत होती. पण एवढ्या घामातून पुढच्या पावसाचे थेंबभर पाणी अडणार नव्हते. दुष्काळ हटवण्याऐवजी तो कसाबसा निभावून नेण्याची ही रीत त्यांना पटली नाही.

मग नायगावच्या देवस्थानची सुमारे 40 एकर पडीक, उताराची जमीन त्यांनी दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. उतारावर समतल बांध, पायथ्याशी पाझर तलाव, तलावाखाली विहीर आणि विहिरीतले पाणी पुन्हा वरच्या शेतांना देणारा पंप, अशी ती रचना होती. कुसळे उगवणाऱ्या माळावर पिके उभी राहिली. 1974 मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले. पत्नी कल्पनाताई या कामात बरोबरीने उतरल्या. विलासरावांच्या पश्चातही त्यांनी ते सोडले नाही. साळुंख्यांचा संसार पुण्यातला. पण त्यांचे काम, काळजी आणि वेळ यांचा मोठा वाटा पुरंदरच्या माळाने घेतला. कुटुंबवत्सल माणूस आपले घर सांभाळतो, यात नवल नाही. या दांपत्याने इतरांच्या घरांचा हिशेबही आपलाच मानला.

पाणी अडवण्याचे तंत्र पुढे पुष्कळांनी आत्मसात केले. आज गावोगाव बंधारे दिसतात, शेततळी दिसतात. साळुंख्यांचे वेगळेपण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. अडवलेले पाणी कोणाचे? आपल्या कालव्यांवर पाणी जमिनीच्या मागे जाते. ज्याचे रान मोठे त्याचा वाटा मोठा. ज्याची विहीर खोल, त्याची तर मोजदादच नाही. साळुंख्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हे गणित उलटे मांडले. पाण्याचा हक्क माणसामागे ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. घरची जमीन वीस एकर असली तरी मर्यादा तीच. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा आणि पाणी सोडायला गटाने आपला पाटकरी नेमायचा.

ही कलमे वाचायला सोपी, पाळायला अवघड. प्रत्येक कलमात कोणाच्या तरी हितसंबंधाला हात घातलेला आहे. ऊसबंदीचेच पाहा. बारा ते अठरा महिने रानात उभ्या राहणाऱ्या पिकाला मुभा दिली, तर चार घरांची बाजरी आणि ज्वारी एका घराच्या उसात जिरते. अडीच एकरांच्या मर्यादेमागेही विचार होता. माणसे मोजायची म्हटल्यावर मोठ्या खटल्याच्या घराला पाणी ओढून घेण्याची संधी मिळते. मर्यादेने ती वाट बंद केली. माणसे मोजताना घरातल्या बायका, मुली, म्हातारी माणसे आपोआप मोजली जातात. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव कधी चढले नाही, त्यांची तहान या हिशेबात धरली गेली. अभियंत्याचे कसब पंपाच्या अश्वशक्तीत दिसते, तसे ते एकक निवडण्यातही दिसते. साळुंख्यांनी एकर बाजूला ठेवला आणि माणूस धरला.

या प्रयोगाला मर्यादाही होत्या आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. उपसा योजनांना वीज लागते, पंप दुरुस्त करावे लागतात आणि गट एकत्र राहावा लागतो. काही योजना चालल्या, काही बंद पडल्या. शेजारच्या रानात पैसा देणारे पीक डोलत असताना स्वतःवर बंधन घालून घेणे सर्वांना जमत नाही. सांगली जिल्ह्यात बळीराजा धरणाच्या आणि आटपाडीच्या चळवळींनी समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह आपापल्या मार्गाने पुढे नेला. पण राज्याच्या सिंचनाची मूळ चौकट बदलली नाही. 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा आला, पाणीवापर संस्था झाल्या, तरी वाटपाचा पाया लाभक्षेत्रातली जमीन हाच राहिला. साळुंख्यांच्या कामाचे कौतुक झाले, पुरस्कार मिळाले. त्यांचे माप मात्र सरकारने उचलले नाही.

याचे कारण तांत्रिक नाही. माणशी पाणी मोजणे अशक्य असते, तर माळरानावरच्या गावकऱ्यांना ते जमले नसते. अडचण इच्छेची आहे. माप बदलले की कोणाला किती मिळते ते उघड होते, आणि ज्यांच्याकडे जास्त जाते त्यांचाच आवाज निर्णयाच्या बैठकीत मोठा असतो.

कुटुंबाचा गौरव करायचाच असेल, तर तो तिथे व्हावा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांच्या तारखा आणि पिकांखालचे क्षेत्र सांगितले जाते. त्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवावा: या पाण्यावर किती घरे अवलंबून आहेत आणि त्यांपैकी किती घरांपर्यंत ते पोहोचते. पाणीवापर संस्थांनीही आपल्या वार्षिक सभेत हीच आकडेवारी गावापुढे ठेवावी. त्यासाठी नवे धरण लागत नाही, निधी लागत नाही, कायदाही बदलावा लागत नाही. एका अभियंत्याने अर्ध्या शतकापूर्वी घालून दिलेला हिशेब किमान मांडून तरी पाहावा. वाटप कोणत्या मापाने करायचे, याचा वाद मग आकड्यांनिशी होईल.