दुकानात उभं राहणं हीसुद्धा शिकवणीच आहे



"अभ्यास केला नाहीस तर दुकानात पुड्या बांधायला बसशील!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वर्गात किंवा घरी म्हटलंही असेल. हेतू चांगला असतो. पण वर्गात ज्याचे वडील किराणा दुकानात काम करतात, असा एखादा मुलगा बसलेला असतो. त्याला त्या वाक्यातून काय ऐकू येतं, याचा विचार व्हायला हवा.

हा विषय आज निघाला तो कॉलेजच्या आवारातल्या दुकानांवरून. जुहू तारा रोडला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं मोठं आवार आहे. तिथून पार्ल्याच्या दिशेने आलं की मिठीबाई, एन. एम. अशी कॉलेजं आहेत. हजारो मुलं दिवसभर या भागात असतात आणि त्यांना भूक लागते. कुठल्याही कॉलेजच्या आवारातलं खाण्याच्या वस्तूंचं दुकान मधल्या सुट्टीत बघा. वीस मिनिटांत शंभरेक हात पुढे येतात. कुणाला ताक, कुणाला खाकरा, कुणाला बिस्किटपुडा. काउंटरमागची व्यक्ती एका कानाने ऑर्डर ऐकते, दुसऱ्या कानाने यूपीआयचे पैसे आल्याचा आवाज ऐकते, हाताने सुट्टे मोजते.

गर्दी ओसरली की खरं काम सुरू होतं. आधी आलेला माल पुढे लावायचा, नवा मागे ठेवायचा. मुदत संपलेलं पाकीट बाजूला काढायचं. दुधाचे पदार्थ वेळेत फ्रीजमध्ये गेले का, ते बघायचं. उद्या परीक्षा असेल तर वडापाव कमी मागवायचे, कारण पेपर सुटला की मुलं थेट घरी पळतात. संध्याकाळी गल्ला जुळवायचा. याला "साधं काम" म्हणणाऱ्याने एक दिवस ते करून बघावं.

आता एक विसंगती बघा. आपल्याच ओळखीतली मुलं शिक्षणासाठी परदेशात जातात. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असताना सत्र चालू असेपर्यंत आवारातच आठवड्याला 20 तास काम करता येतं. मग आपली इंजिनिअर झालेली मुलगी तिथल्या कॅम्पसवरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानात कॅश काउंटर सांभाळते, रात्री फळ्या भरते. आई-बाबा कौतुकाने सांगतात, "स्वतःचा खर्च स्वतः काढते हो!" हे कौतुक योग्यच आहे. पण हेच काम तिने जुहूच्या एखाद्या कॉलेजच्या दुकानात केलं असतं, तर? "लोक काय म्हणतील?" हा प्रश्न पहिला आला असता. काम तेच, हातही तेच. मग डॉलरमध्ये मिळणारी प्रतिष्ठा रुपयात का मिळू नये?

खरं तर कमवून शिकण्याची कल्पना आपल्या मातीतलीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. तिथे मुलं श्रम करून शिकली. त्यांच्याच नावाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आजही "कमवा आणि शिका" योजना चालते. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं, तेही बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणूनच ना? मग शिकणाऱ्या मुलीने दिवसाचे दोन तास काउंटरवर उभं राहून कमावलं, तर त्यात कमीपणा कसला?

तरीही पालकांची काळजी मी झटकून टाकणार नाही. "अभ्यासाचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून काही अटी हव्यातच. कामाचे तास मोजके हवेत. परीक्षेच्या काळात सुट्टी मिळायला हवी. पैसे तासावर आणि वेळेवर मिळावेत; "अनुभव मिळतोय ना" म्हणून फुकट राबवणं चालणार नाही. बसायला स्टूल हवं. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसण्याची सोय कायद्यानेच दिली. आपल्या कॉलेजांनी तेवढं तर आपणहून करावं. आणि एक महत्त्वाचं: मुलं कमावतात म्हणून फी-सवलत किंवा शिष्यवृत्ती कमी होता कामा नये. गरीब मुलीने दुप्पट राबायचं आणि बाकीच्यांनी नुसतं शिकायचं, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

शाळेत आपण काय करू शकतो? पुष्कळ. सहावी-सातवीच्या वर्गात हे गणित देऊन बघा: सकाळी गल्ल्यात 500 रुपये सुट्टे होते. दिवसभराची विक्री 6,840 रुपये झाली. त्यातले 4,310 यूपीआयने आले, 70 रुपये उधार राहिले. संध्याकाळी गल्ल्यात रोख किती हवी? उत्तर 2,960. आता विचारा, "मोजले तर 2,930 च निघाले. 30 रुपये कुठे गेले असतील?" मग बघा वर्ग कसा बोलायला लागतो! कुणी म्हणेल सुट्टे देताना चूक झाली, कुणी म्हणेल नोंद राहिली. गणिताच्या तासाला प्रामाणिकपणाचा पाठ आपोआप होतो.

तसंच रिकामी पाकिटं वर्गात आणायला सांगा. हिरवा ठिपका, परवान्याचा 14 आकडी क्रमांक, बनवल्याची तारीख, छापील किंमत शोधू द्या. बाटली थंड करून दिली म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हे किती मुलांना माहीत आहे, तेही विचारा. ही माहिती गिऱ्हाईकालाही उपयोगी आणि विक्रेत्यालाही.

पालकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी दुकानात गेलात की काउंटरमागच्या मुलीला "ए" म्हणून हाक मारू नका, "ताई" म्हणा. सोबतचं लेकरू ते ऐकत असतं. श्रमप्रतिष्ठेवर आपण वर्षातून एकदा निबंध लिहून घेतो. पण मुलं श्रमाची किंमत ओळखतात ती आपण काम करणाऱ्याशी कसं बोलतो त्यावरून. आणि ते "पुड्या बांधशील"वालं वाक्य? ते आता आपण सगळ्यांनी मिळून बंद करूया.