सल्ला देणाऱ्याने आधी पाना हाती धरावा



कृषी पदविका किंवा पदवी घेऊन घरी आलेल्या मुलामुलींना हल्ली एक नवे काम मिळू लागले आहे. कुणी शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक होतो, कुणी बचत गटांचा मार्गदर्शक, तर कुणी दूध संस्थेचा सल्लागार. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने देशभर १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना सुरू केली. तेव्हापासून अशा माणसांची गरज वाढली.

पण काम सोपे नाही. आपले वय पंचवीस आणि समोरचे संचालक काका-आजोबांच्या वयाचे. "काल चड्डी सावरत शाळेत जात होतास, आज आम्हाला धंदा शिकवतोस?" असे कुणीतरी पहिल्याच बैठकीत म्हणते. मग पोरगा हिरमुसतो आणि शहराची वाट धरतो. गट ढेपाळतो, आणि त्यात अडकलेले भागभांडवल तुमच्या-आमच्या घामाचेच असते.

अशा मुलांना, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही, गुजरातेतल्या आणंदची हकीकत सांगण्याजोगी आहे.

खेडा जिल्ह्यातले दूध तेव्हा पोल्सन कंपनीच्या हाती होते. १९४६ साली शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद केले, पण कंपनीपुढे हात पसरले नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले, गावोगाव पायी फिरणारे गृहस्थ. सुरुवातीला रोजचे दूध होते सुमारे अडीचशे लिटर.

मे १९४९ मध्ये वर्गीस कुरियन हा सत्तावीस वर्षांचा केरळी इंजिनिअर आणंदच्या सरकारी क्रीमरीत नोकरीवर आला. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकल्यामुळे ही नोकरी त्याला बंधनकारक होती, मनात मात्र निघून जाण्याचेच होते. गाव परके, भाषा परकी, राहायला एक गॅरेज. शेजारीच संघाची जुनी यंत्रे होती, ती सारखी बंद पडत. त्रिभुवनदास बोलावत आणि कुरियन जाऊन ती चालू करून देई. असे पुष्कळदा झाल्यावर त्याने स्पष्ट सांगितले, की ही यंत्रे भंगारात काढा आणि नवी घ्या. नाहीतर मुंबईपर्यंतच्या सव्वाचारशे किलोमीटरच्या वाटेवर दूध नासणारच.

पैशाची ओढाताण असूनही त्रिभुवनदासांनी ते ऐकले. का ऐकले? सांगणाऱ्याने आधी स्वतःचे हात तेलात माखले होते, म्हणून. पुढे कुरियनने सरकारी नोकरीचा राजीनामा दिला, तेव्हा त्रिभुवनदास म्हणाले, नवे यंत्र बसेपर्यंत तरी थांबा. तो थांबला, १९५० मध्ये संघाचा व्यवस्थापक झाला आणि जन्मभर आणंदचाच राहिला.

यंत्रापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. हिवाळ्यात म्हशी जास्त दूध देत, पण मुंबईची मागणी तेवढी वाढत नसे. उरलेल्या दुधाचे करायचे काय? म्हशीच्या दुधाची भुकटी होणारच नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत. हरिचंद दलाया या दुग्धतज्ज्ञ मित्राला कुरियनने आणंदला आणले होते. दलायांनी ती भुकटी करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्रिभुवनदासांनी माणसे सांभाळली, कुरियनने कारभार आणि विक्री, दलायांनी तंत्र. एकाने दुसऱ्याच्या कामात पाय घातला नाही. १९६३ साली त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबई दूध योजनेचे दारा खुरोडी यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपल्या मुलांनी काय करावे?

पहिला हंगाम ऐकण्यात घालवावा. प्रत्येक सभासदाच्या बांधावर एकदा तरी जावे. बारदाना कमी पडतो का, काटा खरा आहे का, गाडीभाडे कुठे वाया जाते, हे तिथेच कळते. त्यातली एक अडचण, लहान का असेना, निकाली काढून दाखवावी. भाषणाने जे साधत नाही ते त्याने साधते.

दुसरे, आकडा उघडा ठेवावा. माप आणि फॅट शेतकऱ्यासमोर, हिशेब फळ्यावर. गटातली निम्मी भांडणे न दिसणाऱ्या हिशेबातून उठतात.

तिसरे, भावकीत आणि राजकारणात पक्ष धरू नये. उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी सभासदांबाहेरचा असावा, असे कायद्यातच आहे. सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, मत एकालाच एक. दोन एकरवाल्याच्या तोंडाकडेही तेवढेच लक्ष द्यावे.

चौथे, निर्णय संचालकांचा असतो हे विसरू नये. आपण दोन वाटा मांडाव्यात, प्रत्येकीचा खर्च आणि धोका सांगावा. त्यांनी दुसरी वाट धरली तर रुसू नये, तीच नीट चालवावी.

आणि वडीलधाऱ्यांनो, दोन गोष्टी तुमच्याकडे लागतात. पोराचा पगार वेळेवर द्या. गटाचे पैसे वाचवायचे म्हणून त्याला फुकट राबवाल, तर चांगला असेल तोच आधी जाईल. आणि त्याचे म्हणणे पुरे होईपर्यंत मध्येच तोडू नका. आणंदला कुरियन मोठा झाला, त्याचे निम्मे श्रेय ऐकून घेणाऱ्या त्रिभुवनदासांचे आहे. हुशार पोरे आपल्या गावातही आहेत. त्यांचे ऐकून घेणारा अध्यक्ष आपल्या संस्थेत आहे का, एवढे येत्या वार्षिक सभेच्या आधी ज्याने त्याने पाहावे.