इशाऱ्यासोबत भरतीची वेळही सांगा

हवामान खात्याने मुंबई, ठाणे, रायगडला ऑरेंज अलर्ट दिला की घणसोली गावात अनेकांना वाटते, समुद्र तर लांब आहे. पण ठाणे खाडी आपल्या पश्चिमेलाच आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ समुद्रातूनच पुढे गेले, जमिनीवर आले ते गुजरातेत. तरी मुंबई परिसरात झाडे उन्मळली.

पावसाचा आकडा एकटा पुरत नाही. मोठ्या भरतीत नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही, वस्तीत तुंबते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे. तेव्हा आपल्याकडे भरती साधारण दुपारी बारा-एकला आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास. आगरी-कोळी बुजुर्गांना हे तोंडपाठ आहे. हिजरी तारखा पाळणाऱ्यांनाही कठीण नाही : चंद्रदर्शनानंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदा ते सोळा तारीख. तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूला मात्र हे कोण सांगणार?

माझ्या मते महापालिकेने प्रत्येक इशाऱ्यात भरतीची वेळ आणि उंची मराठी, हिंदी, उर्दूत द्यावी. तोवर मशिदीतून, मंदिरातून आपणच सांगू. रात्री दहाला भोंगे बंद होतात, म्हणून मध्यरात्रीच्या भरतीची सूचना इशाच्या नमाजनंतर लगेच व्हायला हवी.