हापिसच्या वाटेवरची न लावलेली शर्यत

सायकलवरून हापिसला जाणारा माणूस शांत, समाधानी, निसर्गप्रेमी वगैरे असतो हा एक मोठा गैरसमज आहे. तो तसा असतो, पण पुढे शे-दीडशे मीटरवर दुसरा सायकलवाला दिसेपर्यंतच. एकदा का ती पाठ दिसली, की याचा हात आपोआप गिअरवर जातो, पाठ थोडी वाकते, आणि पाषाणहून हिंजवडीला स्टेटस मीटिंगसाठी निघालेला हा चाळिशीतला गृहस्थ मनातल्या मनात थेट फ्रान्सला पोचतो. पुढच्याला याचा पत्ताही नसतो. किंवा असतो, पण तो तसं दाखवत नाही. हीच तर या खेळातली मजा!

लंडनमधल्या सायकलवाल्यांनी याला 'सिली कम्यूट रेसिंग' असं बारसंही करून टाकलंय. आपल्याकडे नाव नसलं तरी नियम सगळ्यांना पाठ आहेत. ओव्हरटेक करताना धापा टाकायच्या नाहीत, तोंड बंद, चेहरा मंडईत भाजी घ्यायला निघाल्यासारखा. मागे वळून बघायचं नाही. एकदा पुढे गेलात की पुढचा किलोमीटरभर तरी वेग टिकवायचा, नाहीतर लाज जाते. समोरचा पंक्चर काढत असेल तर मोजायचं नाही, उलट थांबून पंप हवाय का विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिग्नल तोडून मिळवलेली आघाडी ही आघाडीच नव्हे.

या शेवटच्या नियमाबद्दल मी फार कडक आहे. पण आधी दुसरी बाजू.

"रस्ता म्हणजे काय वेलोड्रोम वाटला का?" असं विचारणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत, त्यातले काही घरातच आहेत. त्यांचं म्हणणं हिशेबाने अगदी बरोबर आहे. बारा किलोमीटरचा रस्ता तुम्ही ताशी 20 ने गेलात तर 36 मिनिटं लागतात, ताशी 25 ने गेलात तर साधारण 29. म्हणजे वाचली सात मिनिटं. त्यासाठी मोजायचं काय? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग सव्वापट केला की हवा कापण्याचं काम जवळजवळ दुप्पट. पावसाळ्यात तर पश्चिमेचा वारा छातीवर घेऊन जायचं असतं, तेव्हा हे गणित आणखी बिघडतं. (संध्याकाळी तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीच्या वेळच्या विक्रमांवर माझा विश्वास नाही.) एवढं करून वाचवलेली सात मिनिटं बाणेर रोडवर मेट्रोच्या खांबांखाली सिग्नलला उभं राहण्यात जातात, आणि उरलेली हापिसात पोचल्यावर घाम सुकवण्यात. इंजिनिअरच्या दृष्टीने बघितलं तर हे ऑप्टिमायझेशन कुठल्याच कोड रिव्ह्यूत पास होणार नाही.

मग तरी मी या शर्यतीच्या बाजूने का? कारण मुद्दा सात मिनिटांचा नाहीच. मुद्दा फेब्रुवारीतल्या एखाद्या आळसावलेल्या मंगळवारचा आहे. आरोग्य, पेट्रोलचा खर्च, प्रदूषण ही सगळी कारणं उदात्त आहेत, पण सकाळी साडेसातला ती अंथरुणातून उठवत नाहीत. "काल तो पिवळ्या जर्किनवाला बालेवाडीला आपल्या पुढे गेला" हे उठवतं. वाईट वाटतं मान्य करायला, पण माणसाची घडण तशी आहे.

आणि हे मी आपलं ठोकून देत नाहीये. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1898 साली नेमकं हेच छापलं. तो स्वतः सायकलींचा शौकीन. त्याने 1897 च्या हंगामातल्या सायकल शर्यतींच्या वेळा तपासल्या आणि त्याला दिसलं की एकटा घड्याळाशी झुंजणारा सायकलपटू सगळ्यात हळू असतो, सोबतीला कुणी असलं की वेग वाढतो. मग त्याने चाळीस मुलांना मासे पकडायच्या गळाची रिळं गुंडाळायला लावली, कधी एकट्याने, कधी दुसऱ्याच्या शेजारी. निम्मी मुलं शेजारी कुणी असताना जास्त भरभर गुंडाळू लागली. पण पाठ्यपुस्तकांत बरेचदा गाळला जाणारा भाग असा, की पाव मुलं उलट गडबडली आणि हळू झाली, आणि उरलेल्यांना काही फरकच पडला नाही. सामाजिक मानसशास्त्रातल्या सगळ्यात जुन्या प्रयोगांपैकी एक म्हणून तो आजही शिकवतात. म्हणजे बघा, आपल्या या बाणेर-हिंजवडीच्या खाजेला सव्वाशे वर्षांची शास्त्रीय परंपरा आहे!

ती गडबडणारी पाव मुलं मात्र विसरू नका. रस्त्यावर तीच घात करतात.

2010 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एक सायकलस्वार उतारावरचा आपला विक्रम परत मिळवायला गेला आणि गाडीवर आदळून मेला. विक्रम कुठला, तर स्ट्राव्हा या ॲपवरचा. घरच्यांनी 2012 मध्ये कंपनीवर खटला भरला, 2013 मध्ये कोर्टाने तो फेटाळला. त्याच 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत एका सायकलवाल्याने चौकात रस्ता ओलांडणाऱ्या 71 वर्षांच्या पादचाऱ्याला धडक दिली, आणि ते गृहस्थ त्यात दगावले. सायकलवाल्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा म्हणून त्याला हजार तास समाजसेवा करावी लागली. "सायकलने कुणाला काय होणार" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुण्यात तर पादचारी हा प्राणी फुटपाथवर जागा नसल्याने कायम रस्त्यावरच असतो.

म्हणून माझं मत असं की, या खेळात घड्याळाला घेऊ नये. समोरच्या माणसाशी लागलेली चुरस सिग्नलला आपोआप थांबते, कारण तोही तिथेच थांबलेला असतो. दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहतात, पाणी पितात, हिरवा झाला की पुन्हा सुरू. घड्याळ मात्र सिग्नलला थांबत नाही. ॲपवरच्या अदृश्य माणसाने पहाटे पाचला, मोकळ्या रस्त्यावर, वारा पाठीशी घेऊन काय वेळ लावली त्याच्याशी तुम्ही सकाळी नऊला वाकड पुलाखाली झगडायचं, यात खेळ कसला? समोरचा हाडामांसाचा असेल तर त्याचं दमणंही दिसतं, आपल्यालाही दया येते.

आता एक जरा नाजूक गोष्ट. माझ्या टीममधली एक मुलगी रोज औंधहून सायकलने येते. वेगाने येते. तिचं निरीक्षण असं की तिने एखाद्या पुरुषाला मागे टाकलं, की दहातले सहा-सात जण जिवाच्या आकांताने पुन्हा पुढे जातात आणि मग तिच्याच समोर येऊन ढेपाळतात. मग हिने ब्रेक दाबायचे. "मी शर्यत लावलेलीच नसते रे, मला फक्त हापिसला जायचं असतं," इति ती. तर मित्रहो, पुढे जायचं असेल तर जा, पण पुढे जाऊन पुढेच राहण्याचा दम असेल तरच. आणि समोरचा खेळत नाहीये हे ओळखता येत नसेल तर आपणही खेळू नये.

खेळत नसलेल्यांतले सगळ्यात मोठे म्हणजे हिंजवडीतले वॉचमन काका, माळीकाम करणारे, बांधकामावरचे मिस्त्री. त्यांची ती काळी, उंच, सळईच्या ब्रेकची सायकल, मागच्या कॅरिअरवर डबा, हँडलला पिशवी. आमच्या इमारतीच्या गेटवरच्या काकांच्या सायकलचे दाते मी एकदा मोजले. पुढे 44, मागे 18, गिअर एकच. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी एकोणीस-वीस. काका बरोबर याच वेगाने येतात. ऊन असो, पाऊस असो, रात्रपाळी करून परत निघालेले असोत. मी त्यांना चढावर मागे टाकतो, सिग्नलला ते शांतपणे मला गाठतात, आणि फेज वनच्या गेटला आमच्यात फार तर दोन मिनिटांचा फरक असतो. माझ्या सायकलला चोवीस गिअर आहेत आणि किंमत त्यांच्या दोन-तीन पगारांएवढी. "साहेब, एवढे गिअर कशाला हो लागतात?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. अगदी सरळ मनाने.

पुण्यात सायकल म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांसमोर हेल्मेटवाला, विकांताला सिंहगडाच्या पायथ्याला पोहे खाणारा आमच्यासारखा येतो. पण या शहराला सायकलींचं शहर म्हणायचे ते काकांच्या सायकलीमुळे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला तो नेमका 3 जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर नव्या कार्बन फ्रेमची चर्चा चालू होती. रस्त्याच्या कडेचा चर, अचानक संपणारा सायकल ट्रॅक, त्यावर लावलेली चारचाकी याचा त्रास आम्हाला हौसेपुरता, त्यांना रोजीरोटीपुरता. चुरस लावायचीच तर निदान ते आपल्यासोबत रस्त्यावर आहेत हे तरी दिसू दे. काकांना ओव्हरटेक करताना मी आता घंटी वाजवतो आणि "येतो काका" म्हणतो. ते "जा जा, उशीर झालाय तुम्हाला" म्हणतात. खरंच झालेला असतो.

राहता राहिला इलेक्ट्रिक सायकलींचा प्रश्न, ज्यावर आमच्या पार्किंगमध्ये रोज वाद होतो. मागून आवाज न करता सुर्रकन येतात, बसणारा घामेजलेलासुद्धा नसतो, आणि वर तोंडावर हसू! काही जण म्हणतात यांना मोजायचंच नाही. माझं मत जरा वेगळं आहे. अडीचशे वॉटच्या आतली, ताशी पंचवीसच्या आत चालणारी गाडी आपल्याकडे नोंदणीशिवाय चालते, म्हणून नियमाप्रमाणे बनवलेल्या सायकलची मोटर पंचविशीच्या आसपास हात वर करते. तिथून पुढे ते सगळं बॅटरीचं ओझं त्याच्याच पायांवर. तेव्हा पंचवीसपर्यंत तो पुढे गेला तर खुशाल जाऊ द्यावा. सपाटीवर सव्विसाने जाऊन गाठलात, तर मात्र तो मोजायचा.