सुरुवात ५० टनांपासून

आमच्या फौजी बोलीत 'मेक' म्हणजे मेकॅनाइज्ड इन्फंट्री. बीएमपी-२ या साधारण १४ टनांच्या चिलखती गाडीतून लढाईत जाणारं आणि वेळ आली की खाली उतरून लढणारं पायदळ. वीसेक वर्षं हा शब्द मी याच अर्थाने वापरत आलोय. त्यामुळे शोळिंगनल्लूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने "मामा, नवीन माणसाने पहिला मेक कुठला घ्यावा?" असं विचारलं, तेव्हा क्षणभर वाटलं, पोराला अचानक फौजेची ओढ लागली की काय!

तो विचारत होता एका कॉम्प्युटर गेमबद्दल. 'मेकवॉरियर ऑनलाइन' हे त्याचं नाव. कॅनडातल्या पिरान्हा गेम्स या कंपनीने तो २०१३ साली आणला. त्याचं मूळ १९८४च्या 'बॅटलटेक' या पटावरच्या खेळात आहे. दोन पायांवर चालणारी, माणसाने आत बसून चालवायची अजस्र युद्धयंत्रं, म्हणजे हे 'मेक'. एका बाजूला १२, दुसऱ्या बाजूला १२. वजनाप्रमाणे चार वर्ग: २० ते ३५ टन हलके, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड आणि ८० ते १०० टनांचे 'असॉल्ट'. खेळायला पैसे पडत नाहीत. नव्या माणसाला चारही वर्गांतले काही मेक वापरून बघायला फुकट मिळतात. स्वतःचा हवा असेल तर खेळून कमावलेल्या नाण्यांत घ्या, नाहीतर खऱ्या पैशांत.

सध्या पोस्टिंग चेन्नईत आहे. ओएमआरवर मेट्रोचे खांब, पाण्याचे टँकर आणि आयटीच्या बसगाड्या यांतून वाट काढत महिन्यातून दोनेक रविवार मी शोळिंगनल्लूर गाठतो. फ्लॅटमध्ये चार मराठी पोरं आहेत. आठवडाभर कंपनीचं काम, रविवारी हा खेळ. मी मागे खुर्ची टाकून बघतो, कधी स्वतः खेळतो. त्यातून माझं एक मत तयार झालंय आणि ते आज मांडतो, कारण ते फक्त खेळापुरतं नाही.

नवीन माणसाने सुरुवात मध्यम वजनापासून करावी. साधारण ५० टन. त्याहून जड नाही, त्याहून फार हलकं नाही.

पोरांचं पहिलं प्रेम अर्थातच 'अ‍ॅटलस'. १०० टन, कवटीसारखं तोंड, अंगावर भरपूर चिलखत. चारातल्या तिघांना पहिल्या दिवशी तोच हवा होता. अडचण अशी की मूळ इंजिनवर त्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. अनुभवी खेळाडूला ते चालतं, कारण लढाई दोन मिनिटांनी कुठे पेटणार याचा त्याला अंदाज असतो. नवख्याला तो नसतो. तो चुकीच्या टेकडीमागे जाऊन उभा राहतो आणि परत यायला निघतो तोवर बाकीचे ११ जण संपलेले असतात. चिलखत शाबूत, पण उपयोग शून्य.

दुसरं टोक 'लोकस्ट'. २० टन आणि ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेग. पळायला मजा येते, पण एक चूक झाली की पाय तुटतो आणि खेळ खलास. काय चुकलं हे कळायच्या आतच माणूस बाहेर. ५० टनी मेक दोन चुका माफ करतो, चार करत नाही. शिकण्यासाठी एवढीच उदारता योग्य असते.

या वर्गातला 'सेंच्युरियन' मला सगळ्यात शहाणा वाटतो. त्याच्या उजव्या हातात तोफ असते, डाव्या हातात काहीच नसतं. नवखा म्हणतो, "अर्धा हात फुकट गेला!" जाणता खेळाडू तोफ डागतो आणि लगेच धड वळवून तोच रिकामा हात शत्रूपुढे करतो. तो हात म्हणजे ढाल. शिवाय छातीत दोन लेझर असतात. साधं इंजिन ठेवलं असेल, तर दोन्ही हात गेले, दोन्ही बाजू गेल्या, तरी हा गडी लढत राहतो. तेच हलकं, महागडं 'एक्सएल' इंजिन बसवलं, तर वजन वाचतं, वेग वाढतो, पण एक बाजू गेली की मेक जागीच संपतो. चिलखती दलात नवीन आलेल्या अधिकाऱ्याला हे समजायला वेळ लागतो: प्रत्येक वाचवलेल्या टनाची किंमत कुठेतरी मोजलेली असते.

उष्णतेचंही तसंच. लेझरला दारूगोळा लागत नाही, पण यंत्र तापतं. सगळी बटणं एकदम दाबली की मेक बंद पडतो आणि शत्रूसमोर पुतळ्यासारखा उभा राहतो. फायर डिसिप्लिन हा शब्द आम्ही जवानांना महिनोन्‌महिने शिकवतो. इथे तो पाच मिनिटांत शिकायला मिळतो, अट एवढीच की मेक असा हवा, जो तुमची चूक तुम्हाला दाखवेल. अ‍ॅटलसचं चिलखत ती बराच वेळ झाकून ठेवतं.

एकदा सोसायटीचा सिक्युरिटी सुपरवायझर पार्किंगच्या कामासाठी वर आला होता. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला तमिळ माणूस. ओएमआरवर असे माजी सैनिक गेटोगेटी भेटतात. भाच्याचा मित्र लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं लादलेला मेक घेऊन एका टेकाडाआडून मारा करत होता. सुपरवायझर दाराशी उभं राहून मिनिटभर बघत राहिला आणि मला म्हणाला, "साब, फायर किया, फिर वहीं क्यों खड़ा है?" तेवढ्यात शत्रूचा हलका मेक मागून आला. ही क्षेपणास्त्रं १८० मीटरच्या आत निरुपयोगी. पुढचं सांगायला नको. गेम आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या तोपचीने चूक ओळखली, कारण मारा केला की जागा सोडायची हे त्याच्या हाडात भिनलेलं होतं.

आता माझ्या निवृत्त वाचकांकडे वळतो. काही जण म्हणतील, चाळिशी उलटलेल्या अधिकाऱ्याने पोरखेळावर काय लिहायचं? मला वाटतं, टनांचा मोह हा पोरखेळ नाही. तो आपल्यालाही होतो. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आवडी आहे. तिथे आपले रणगाडे बनतात. अर्जुन मार्क-१ए साधारण ६८ टनांचा. टी-९० साधारण ४६ टनांचा. २०२० साली लडाखमध्ये तणाव वाढला, तेव्हा टी-७२ आणि टी-९० त्या उंचीवर नेऊन आपण उभे केले, आणि ते काम साधं नव्हतं. पण त्या अनुभवातूनच साधारण २५ टनांच्या हलक्या रणगाड्याची गरज ठळक झाली. तो 'झोरावर' २०२४च्या जुलैमध्ये लोकांसमोर आला. कुठला रणगाडा चांगला, या प्रश्नाला अर्थ नाही. कुठे, कोणासमोर आणि कोणाच्या सोबतीने, हे आधी सांगा.

१ नोव्हेंबर १९४८ला ७ लाइट कॅव्हलरीचे छोटे स्टुअर्ट रणगाडे झोजिला खिंडीत पोहोचले आणि शत्रूची फळी मोडली. त्या उंचीवर रणगाडा येईल ही कल्पनाच शत्रूला नव्हती. हलके होते म्हणून ते तिथवर पोहोचू शकले. १९६५च्या सप्टेंबरमध्ये असल उत्तरला पॅटन रणगाडे उसाच्या आणि पाण्याने भरलेल्या शेतांत फसले. समोर आपले सेंच्युरियन होते, जुने शर्मन होते, हलके एएमएक्स-१३ही होते. आणि कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे तर जीपवर बसवलेली एक रिकॉइललेस तोफ. त्यांच्या हातात टन नव्हते. जमिनीची समज होती, थांबण्याचा संयम होता.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात जे गेलेत, त्यांना खरा सेंच्युरियन ठाऊक असेल. तोही साधारण ५० टनांचाच. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ साली फिलौरा आणि चविंडाच्या लढाईत याच रणगाड्यातून लढले. ११ सप्टेंबरला जखमी झाले, तरी मागे जायला नकार दिला, आणि १६ तारखेला कामी आले. मरणोत्तर परमवीर चक्र. भाच्याला हे सांगितल्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, नाव सारखं आहे एवढंच."

बरोबर बोलला. एवढंच. या गेममध्ये फुटलेला मेक पुढच्या सामन्यात कोरा करकरीत उभा असतो. दुरुस्तीचा खर्च नाही. दारूगोळा वाहून आणणारा ट्रक नाही. चिखलात रुतलेलं यंत्र गोळीबारात ओढून काढणारा ईएमईचा रिकव्हरी क्रू नाही. खऱ्या रणगाड्यात ड्रायव्हर, गनर आणि कमांडर ही वेगळी माणसं असतात आणि त्यांचा एकमेकांवरचा भरवसा हे अर्धं चिलखत असतं. इथे तिघांचं काम एकटाच करतो. म्हणून गेम खेळून युद्ध कळलं असं कोणी म्हणू नये. यंत्र समजायला लागतं, एवढं म्हणावं.

त्या फ्लॅटमधला एक मुलगा नोकरी सांभाळून सीडीएसची तयारी करतोय. त्याने मला सरळ विचारलं, "सर, एसएसबीला याचा काही उपयोग होईल का?" मी म्हटलं, निशाणेबाजीचा अजिबात नाही. पण एक गोष्ट बघ. मेक निवडताना तू स्वतःला काय विचारतोस? मी कशात मोठा दिसेन, की माझ्या टीममध्ये कशाची कमतरता आहे? एसएसबीच्या ग्रुप टास्कमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा निवडला जातो असा बऱ्याच मुलांचा समज असतो. फळी धरून ठेवणारा, दोरी वेळेवर पुढे करणारा मुलगाही तिथे बघितला जात असतो. मध्यम मेकचं काम असंच आहे. जडाची बगल राखायची, हलक्याने दाखवलेल्या शत्रूवर मारा करायचा आणि गरज पडली की भोक बुजवायला धावायचं. सामन्यानंतर तुमचं नाव वर नसतं. पण तुम्ही नसलात तर सामना हरलेला असतो.

आम्हालाही कोणी पहिल्या दिवशी आर्म निवडू दिलं नव्हतं. खडकवासल्याला सगळ्यांना तोच ड्रिल स्क्वेअर, तीच क्रॉसकंट्री, तीच सायकल. पसंती विचारली ती डेहराडूनला, शेवटी. तोवर आपल्याला काय झेपतं आणि कशात फक्त मिरवायचं आहे, यातला फरक बऱ्यापैकी कळलेला असतो.

तेव्हा पोरांनो, पहिले २५ सामने खिशाला हात लावू नका. फुकटचे मेक चारही वर्गांत खेळून बघा, पण जास्तीत जास्त वेळ ५० टनांवर घालवा. आपल्या माणसांजवळ राहा. मारा केला की हला. तापमानाकडे लक्ष ठेवा. मग जो हवा तो घ्या, अगदी अ‍ॅटलससुद्धा. तोवर तो पेलण्याइतके तुम्ही तयार झालेले असाल. आणि घरातल्या मोठ्यांनो, नुसतं ओरडण्याऐवजी एखाद्या रविवारी मागे खुर्ची टाकून बसा. "तिथेच का उभा आहेस?" एवढं विचारलंत, तरी पोरगं वळून बघेल.